मृत सैनिकांचा तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी

इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांना, प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके लिहिणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धाचा धडा संपत आला की एक तक्ता येतो. कधी तो पुस्तकात चौकट करून छापलेला असतो, कधी शिक्षक स्वतः फळ्यावर लिहितात, कधी गाइडमध्ये ‘लक्षात ठेवा’ अशा मथळ्याखाली असतो. सोव्हिएत संघ ८७ लाख, जर्मनी ५३ लाख, जपान २१ लाख, अमेरिका ४ लाख, ब्रिटन ३ लाख ८४ हजार. चीनपुढे कुठे १३ लाख, तर कुठे ३० लाखांच्या वर. भारताची ओळ असली तर ८७ हजार, आणि पुष्कळदा ती नसतेच. खाली प्रश्न असतो : सर्वाधिक सैनिक कोणत्या देशाचे मृत्युमुखी पडले? चार पर्याय, एक गुण.

मी संख्याशास्त्र शिकवते, इतिहास नाही. पण आकडे एकमेकांशेजारी केव्हा मांडता येतात आणि केव्हा येत नाहीत, हा माझ्या विषयाचा गाभा आहे. म्हणून या तक्त्याबद्दल तुमच्याशी बोलायचे कधीपासून मनात होते. त्यातल्या ओळी एका मापाने मोजलेल्या नाहीत. सैनिक कोणाला म्हणायचे, त्याला कोणत्या झेंड्याखाली धरायचे, कोणत्या तारखेपर्यंतचा मृत्यू मोजायचा आणि किती जणांपैकी, हे प्रत्येक देशाने आपापल्या सोयीने आणि आपापल्या काळात ठरवले. ते न सांगता देशांचे क्रमांक लावले, की मुले खोटी तुलना पाठ करतात. शिवाय ज्यांचे मरण कोणत्याच ओळीत धड बसत नाही, ती माणसे तक्त्यातून गळतात. आपली बरीच माणसे अशीच गळलेली आहेत.

सोव्हिएत संघाची ओळ आधी पाहू. १९४६च्या मार्चमध्ये ‘प्रावदा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत स्टालिनने देशाची एकूण मनुष्यहानी सुमारे ७० लाख सांगितली, सैनिक आणि नागरिक सगळे धरून. १९६१मध्ये ख्रुश्चेव्हने स्वीडनच्या पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रात दोन कोटींचा आकडा आला. १९९०मध्ये गोर्बाचेव्हच्या काळात तो पावणेतीन कोटींच्या जवळ गेला. दरम्यान कोणी नव्याने मेले नव्हते. स्टालिनला आपल्या चुकांची किंमत जगाला कळू द्यायची नव्हती, आणि पुढे बलिदानाचा आकडा मोठा असणे हीच देशाची प्रतिष्ठा झाली. शीतयुद्ध संपत आले तेव्हा कुठे दप्तरे थोडी उघडली.

त्यातल्या सैनिकांचा आकडा जनरल क्रिवोशेयेव यांच्या गटाने १९९३मध्ये प्रसिद्ध केला : ८६,६८,४००. शेकड्यापर्यंत नेमका आकडा पाहिला की वाटते, माणसे एकेक करून मोजली असतील. प्रत्यक्षात ही वजाबाकी आहे. मेलेले, बेपत्ता आणि पकडले गेलेले असे मिळून कायमचे गमावलेले धरले १,१४,४४,१००. त्यातून, शत्रूने व्यापलेला प्रदेश परत मिळाल्यावर तिथे सापडलेले आणि पुन्हा भरती केलेले ९,३९,७०० वजा केले. मग युद्ध संपल्यावर कैदेतून परत आलेले १८,३६,००० वजा केले. उरले ते मृत. बोलावणे आले, पण पलटणीत हजर होण्याआधीच जर्मनांच्या तावडीत सापडले, असे सुमारे ५ लाख लोक या हिशेबात वेगळे ठेवलेले आहेत. जंगलांतून लढणारे पार्टिझानही त्यात नाहीत. काही इतिहासकार म्हणूनच हा आकडा एक कोटीच्या पुढे नेतात, आणि तो वाद मिटलेला नाही.

वाद का मिटत नाही, हे समजायला एक लहानशी वस्तू पुरते. युद्धाच्या पहिल्या टप्प्यात लाल सेनेच्या शिपायाकडे एबोनाइटची (कडक काळ्या रबराची), बोटाएवढी, फिरकीचे झाकण असलेली डबी असे. तिच्यात कागदाची चिठ्ठी घालायची आणि चिठ्ठीवर स्वतःचे नाव, गाव, घरच्यांचा पत्ता लिहायचा. पुष्कळ शिपाई ती लिहीत नसत, कारण चिठ्ठी भरली की मरण ओढवते असा समज होता. काही जण चिठ्ठी काढून डबीत सुया ठेवत. १९४२च्या नोव्हेंबरमध्ये ही डबीच बंद झाली आणि सगळी भिस्त कागदी पुस्तिकेवर आली. चिखलात पडलेल्या माणसाच्या खिशातला कागद किती दिवस टिकणार? आजही रशियात स्वयंसेवकांची पथके जुन्या रणभूमीवर उन्हाळ्यात खणतात. कधी डबी सापडते, कधी तिच्यातला कागद कोरा निघतो. ८६,६८,४०० या आकड्यामागची नोंदणी अशी होती. मुलांना ही डबी सांगा. तक्त्याआधी सांगा.

आणि युद्धकैदी. जर्मनांनी सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक पकडले. त्यांतले ३३ लाखांच्या आसपास कैदेत मेले, असा जर्मन इतिहासकारांचाच हिशेब आहे. त्यांतले वीस लाख तर १९४२च्या फेब्रुवारीपर्यंतच संपले होते : उघड्यावर, तारेच्या कुंपणाआड, उपासमारीने आणि थंडीने. याच जर्मनांच्या ताब्यातल्या ब्रिटिश आणि अमेरिकन कैद्यांपैकी मेले शंभरात चारच्या आसपास. तक्त्यात हे सगळे ‘मृत सैनिक’ याच एका रकान्यात बसतात. रणात पडलेला आणि कुंपणाआड उपाशी मारलेला यांच्यात तक्ता फरक करत नाही. त्यामुळे ८७ लाख हा आकडा पाहून विद्यार्थी एकतर ‘रशियन किती शूर’ म्हणतो किंवा ‘रशियन सेनापती किती बेफिकीर’ म्हणतो. त्यातला मोठा भाग हा सरळसरळ गुन्हा आहे, हे त्याला कळतच नाही.

जर्मनीची ओळ अधिक पक्की असेल असे वाटते, कारण त्यांची टापटीप प्रसिद्ध आहे. प्रत्येक जर्मन सैनिकाच्या गळ्यात लंबगोल धातूचा बिल्ला असे, मधोमध छिद्रांची रेघ असलेला. माणूस मेला की अर्धा बिल्ला मोडून घ्यायचा आणि अर्धा प्रेताबरोबर ठेवायचा. मोडलेला अर्धा, कागदासह, मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीकडे जायचा. १९४४च्या उन्हाळ्यापर्यंत हे बऱ्यापैकी चालले. मग पूर्वेकडे अख्खे सैन्यविभाग नाहीसे होऊ लागले, आणि बिल्ला मोडून घ्यायलाही कोणी मागे उरेना. युद्धानंतर दशकानुदशके ४० लाखांच्या आगेमागे आकडे छापले जात. मग र्‍युडिगर ओव्हरमान्स या इतिहासकाराने बर्लिनमधल्या त्या कचेरीच्या नोंद-कार्डांच्या कपाटांतून नमुना काढून नव्याने अंदाज बांधला. १९९९मध्ये त्याचा आकडा आला : सुमारे ५३ लाख. एका शास्त्रशुद्ध नमुन्याने दहा लाख माणसे पुन्हा हिशेबात आणली. त्यातून आणखी एक गोष्ट दिसली. एकट्या १९४५च्या जानेवारीत साडेचार लाख जर्मन सैनिक मेले. युद्ध हरल्याचे सगळ्यांना ठाऊक असताना, सगळ्या युद्धातला सर्वांत घातक महिना. वर्गात बोलण्यासारखे काही असेल तर ते हे आहे. ५३ लाख हा नुसता शब्द पाठ करून ते कुठून दिसणार?

आणि हे ५३ लाख जर्मन तरी आहेत का? त्यांत अडीच लाखांहून अधिक ऑस्ट्रियन आहेत, आणि ऑस्ट्रिया आज वेगळा देश आहे. त्यांत अल्सास आणि मोझेलचे तरुण आहेत. हा फ्रान्सचा भाग जर्मनीने गिळल्यावर तिथल्या सुमारे १ लाख ३० हजार जणांना बळजबरीने जर्मन गणवेश चढवला गेला आणि बहुतेकांना रशियाच्या आघाडीवर पाठवले. तीस-चाळीस हजार परतले नाहीत. त्यांची स्मारके फ्रान्समधल्या गावांत आहेत. त्यांना फ्रान्सच्या ओळीत घ्यायचे की जर्मनीच्या? तेच कोरियन आणि तैवानी तरुणांचे, जे जपानच्या गणवेशात मेले आणि जपानच्या ओळीत गाडले गेले.

जपानबद्दल एवढेच सांगते. अकिरा फुजिवारा या जपानी इतिहासकाराच्या मते जपानच्या २३ लाख मृत सैनिकांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक जण भुकेने आणि भुकेमुळे बळावलेल्या रोगांनी गेले. न्यू गिनी, फिलिपिन्स, ब्रह्मदेश. आपल्या इंफाळ-कोहिमावर १९४४मध्ये चालून आलेल्या जपानी सैन्याचेही तेच झाले. रसद मागे पडली, पाऊस सुरू झाला, आणि परतीच्या वाटेवर माणसे बसल्या जागी मेली. आजाराने मेलेला सैनिक मोजायचा की नाही, याचे उत्तर तक्त्याला द्यावेच लागते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेचे १,१६,५१६ सैनिक मेले. त्यांतले लढाईत मेले ५३,४०२. बाकीचे बहुतेक इन्फ्लुएन्झाने आणि इतर आजारांनी, पुष्कळसे तर अमेरिकेतल्याच छावण्यांत. दोन्ही आकडे छापलेले सापडतात आणि दोन्हीच्या डोक्यावर ‘युद्धातील मृत’ असेच असते.

एक गफलत इथेच सांगून टाकते, कारण ती मराठी पुस्तकांतही फार दिसते. १ जुलै १९१६ या सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी ‘५७ हजार ब्रिटिश सैनिक ठार’ असे लिहिले जाते. ५७,४७० ही मृत, जखमी, बेपत्ता आणि कैदी यांची बेरीज आहे. मृत होते १९,२४०. तोही आकडा एका दिवसासाठी भयंकरच आहे, त्याला तिप्पट करायची गरज नाही.

आता ‘किती जणांपैकी’ या प्रश्नाकडे येते, कारण क्रमांक लावण्याची हौस इथे पुरती उघडी पडते. फिनलंडचे दुसऱ्या महायुद्धात सुमारे ९० ते ९५ हजार सैनिक मेले. अमेरिकेचे ४ लाख ५ हजार. तक्त्यात अमेरिका फिनलंडच्या कितीतरी वर असते. फिनलंडची लोकसंख्या होती ३७ लाख, अमेरिकेची १३ कोटी. म्हणजे फिनलंडने दर हजार माणसांमागे पंचवीस गमावली, अमेरिकेने तीन. फिनलंडमध्ये कबरस्तानात रांगेने एकसारख्या शिळा नाहीत असे गाव शोधूनही सापडायचे नाही.

देशाची लोकसंख्या हाही एकच भाजक नव्हे. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलात, सव्वा लाखाच्या आसपास वैमानिक आणि विमानातले इतर कर्मचारी होते. मेले ५५,५७३. शंभरातले चव्वेचाळीस. जर्मन पाणबुड्यांवरच्या सुमारे चाळीस हजार खलाशांपैकी तीस हजारांच्या जवळपास समुद्रात राहिले. देशाच्या एकूण आकड्यात हे थेंबासारखे विरून जाते, पण त्या बराकीत राहणाऱ्या वीस वर्षांच्या पोरासाठी युद्ध म्हणजे हाच भाजक होता.

आणि पोलंड. पोलंडचे मृत सैनिक साधारण २ लाख ४० हजार, म्हणजे सैनिकांच्या तक्त्यात अमेरिकेच्याही खाली. साडेतीन कोटी लोकसंख्येच्या त्या देशाने ५५ लाखांहून अधिक नागरिक आणि सैनिक गमावले, त्यांत तीस लाख ज्यू. फक्त सैनिक मोजणारा तक्ता पोलंडचे सगळे युद्धच पुसून टाकतो. तो तक्ता छापायला हरकत नाही, पण त्याच पानावर नागरिकांचा रकाना नसेल तर तो मुलांना फसवतो, असे मी स्पष्ट म्हणते.

आता आपल्या ओळीबद्दल. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण ही ओळ नीट लिहिण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची नाही.

अविभाजित भारताचे पहिल्या महायुद्धात सुमारे ७४ हजार आणि दुसऱ्यात सुमारे ८७ हजार सैनिक मृत धरले जातात. १९४६च्या सुमारास जाहीर झालेल्या आकड्यांत दुसऱ्या महायुद्धात लढाईत ठार झालेले भारतीय सैनिक २४,३३८ आणि बेपत्ता ११,७५४ होते. त्यांची बेरीज ३६ हजारांवर थांबते. मग ८७ हजार कुठून आले? राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग, म्हणजे ब्रिटन आणि त्याच्या साम्राज्यातल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था, सेवेत असताना आजाराने, अपघाताने, कैदेत मेलेलेही धरतो, आणि ३१ डिसेंबर १९४७पर्यंतचे मृत्यू धरतो. पहिल्या महायुद्धासाठी त्याची मुदत ३१ ऑगस्ट १९२१ आहे. ब्रिटनच्या ओळीतही हेच होते. युद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने आपल्या सशस्त्र दलांचे मृत २,६४,४४३ जाहीर केले. आयोगाच्या हिशेबात ब्रिटन आणि त्याच्या वसाहती मिळून ३ लाख ८३ हजारांहून अधिक होतात, कारण तिथे मुदत लांबते, व्यापारी जहाजांवरची माणसे येतात, वसाहतींची माणसे येतात. दोन्ही आकडे खरे आहेत. एका देशापुढे पहिला आणि दुसऱ्यापुढे दुसरा लिहिला, की तुलना खोटी होते.

मग ‘भारत’ म्हणजे कोण? त्या ८७ हजारांत रावळपिंडी आणि झेलमचे पंजाबी मुसलमान आहेत, ज्यांची गावे आज पाकिस्तानात आहेत. बंगालचे आहेत, ज्यांची गावे आज बांगलादेशात आहेत. नेपाळमधून आलेले गुरखे आहेत, जे त्या वेळीही भारताचे प्रजाजन नव्हते. आणि रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचा यशवंत घाडगे आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा नाईक १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडला. मशिनगनच्या ठाण्यावर एकटा धावून गेला, ते ठाणे घेतले, आणि लपलेल्या बंदूकबाजांच्या गोळ्यांनी गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर नाही, इटलीतल्याच कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. ज्या तक्त्यात ‘ब्रिटिश साम्राज्य’ अशी एकच ओळ असते, त्यात घाडगे ब्रिटिश ठरतो. आपण तसले तक्ते जसेच्या तसे उतरवून घेतले आहेत.

आणि आझाद हिंद सेनेचा शिपाई? इंफाळच्या रस्त्यावर किंवा इरावतीच्या काठावर मेलेला तो तरुण पुष्कळदा आधी ब्रिटिश भारतीय सैन्यातच असे. त्याला भारताच्या ओळीत घ्यायचे, तर समोरून गोळी झाडणारा भारतीय शिपाईही त्याच ओळीत येतो. जपानच्या ओळीत घ्यायचे, तर ते त्याच्या हेतूला धरून नाही. मला याचे एकच उत्तर दिसते : तक्त्याखाली दोन ओळी लिहून हा प्रश्न मुलांपुढे उघडा ठेवायचा. नववी-दहावीतल्या मुलांना हा प्रश्न नक्की पेलतो.

पहिल्या महायुद्धाकडे वळले तर चित्र आणखी अस्वस्थ करणारे आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत अल-अमारा इथे ब्रिटिश जनरल टाऊनशेंडचे सैन्य १९१५च्या डिसेंबरपासून तुर्कांच्या वेढ्यात अडकले. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतली माणसे. घोडे आणि खेचरे मारून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जण शरण गेले, त्यांतले बहुसंख्य भारतीय. मग वाळवंटातून पायी नेताना आणि पुढे रेल्वेच्या बांधकामावर राबवताना त्यांतले हजारो मेले. ब्रिटिश शिपायांपैकी किती परतले याचा हिशेब बऱ्यापैकी लागला. भारतीय शिपाई आणि त्यांच्याबरोबरचे भिस्ती, आचारी, खेचरवाले यांतल्या पुष्कळांपुढे फक्त ‘पत्ता नाही’ एवढीच नोंद राहिली.

मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याला मोठे स्मारक उभारले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक जणांची आठवण आहे. पण दगडावर नावे कोरताना ब्रिटिशांची सगळी कोरली, भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची कोरली, आणि भारतीय शिपाई-हवालदारांसाठी पलटणीपुढे नुसता आकडा लिहिला. २०२१च्या एप्रिलमध्ये युद्धसमाधी आयोगाच्याच विशेष समितीने हे लेखी मान्य केले. ४५ ते ५४ हजार मृतांचे, मुख्यतः भारतीय आणि आफ्रिकी माणसांचे, स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांची नावे कुठेच लिहिली गेली नाहीत. त्यांतले बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले. पूर्व आफ्रिकेच्या जंगलांत ब्रिटिश सैन्याचे सामान डोक्यावरून वाहणारे हमाल लाखाच्या घरात मेले असावेत असे इतिहासकारांचे अनुमान आहे. बंदूक हातात नव्हती म्हणून ते सैनिक ठरले नाहीत. सैनिक ठरले नाहीत म्हणून तक्त्यात आले नाहीत.

आपल्याकडे या हमालांच्या जागी आहेत ते कोकणातले खलाशी. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर डेकवर रत्नागिरीकडची माणसे असत, बॉयलरपाशी सिल्हेट आणि पंजाबची, आणि भटारखान्यात व जेवणाच्या दालनात गोव्याची. जर्मन पाणबुडीने जहाज बुडवले की बॉयलरपाशी असलेल्याला वर यायला वेळच मिळत नसे. मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशांच्या वसतिगृहात, इंडियन सेलर्स होममध्ये, समुद्र हीच ज्यांची कबर त्यांच्या नावांच्या नोंदी आहेत. पहिल्या महायुद्धाचे दोन हजारांहून अधिक, दुसऱ्या महायुद्धाचे सुमारे साडेसहा हजार. यांना ‘सैनिक’ धरले तर भारताची ओळ एक होते, न धरले तर दुसरी. आणि गोव्याचा तो खानसामा? तो पोर्तुगालचा प्रजाजन. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता. तटस्थ देशांची ओळ तक्त्यात नसतेच.

भारताच्या ओळीबद्दल शेवटची गोष्ट. ८७ हजार या आकड्याला १९४१च्या जनगणनेतल्या सुमारे ३९ कोटींनी भागले तर उत्तर इतके लहान येते, की ‘भारताला युद्धाची झळ लागली नाही’ असे म्हणायला कोणी मोकळा होतो. त्याच युद्धाच्या मध्यावर, १९४३मध्ये, बंगालमध्ये दुष्काळाने सुमारे तीस लाख माणसे मेली. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारनेच किनाऱ्यावरच्या नावा काढून घेतल्या. युद्धाच्या खर्चाने भाव चढत गेले, आणि सैन्य व कलकत्त्याच्या कारखान्यांना धान्य आधी मिळाले. पोलंडच्या ओळीशेजारी नागरिकांचा रकाना हवा, तसाच तो भारताच्या ओळीशेजारीही हवा.

मी तुलनाच करू नका असे म्हणत नाही, उलट तुलना केल्याशिवाय महायुद्ध कळणार नाही. १९४४च्या अखेरपर्यंत मेलेल्या जर्मन सैनिकांपैकी सुमारे २७ लाख एकट्या पूर्व आघाडीवर मेले, हे कळल्याशिवाय ते युद्ध कुठे लढले गेले हे समजत नाही. मात्र हे आकडे ‘युद्ध कोणी जिंकून दिले’ या भांडणात गोफणीतल्या दगडासारखे वापरले जातात. ज्याचे जास्त मेले त्याचा वाटा मोठा, असे एक बाजू म्हणते. ज्याचे कमी मेले तो हुशारीने लढला, असे दुसरी. वक्तृत्व स्पर्धेत, वर्गातल्या वादात मुले हीच वाक्ये आपल्याकडून उचलतात.

म्हणून काही विनंत्या. ‘सर्वाधिक सैनिक कोणत्या देशाचे’ हा एक गुणाचा प्रश्न काढू नका. काढायचाच असेल तर तीन देशांचे मृत आणि लोकसंख्या द्या, आणि प्रमाण काढून काय दिसते ते लिहायला सांगा. दहावीच्या मुलाला भागाकार येतो. तक्ता छापाल तेव्हा त्याखाली लिहा : आकडा कोणाचा, कधीचा, आजाराने आणि कैदेत मेलेले धरले आहेत की नाही, मुदत कोणती. जिथे अंदाजांत मोठी तफावत आहे, उदाहरणार्थ चीन, तिथे खालची आणि वरची दोन्ही टोके लिहा. ‘८६,६८,४००’ असे लिहिण्यापेक्षा ‘सुमारे ८७ लाख, वादग्रस्त’ असे लिहिणे अधिक खरे आहे. ‘ब्रिटिश साम्राज्य’ ही ओळ मोडून भारत वेगळा करा, आणि तो अविभाजित भारत आहे हे सांगा.

शिवाय हा विषय तुमच्या गावात आहे, तो पुस्तकाबाहेर काढा. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, हे पुष्कळांना माहीत असते. पण पहिल्या महायुद्धानंतर सरकारने शेकडो गावांत दगडी पाट्या बसवल्या. कुठे शाळेच्या भिंतीत, कुठे चावडीवर, कुठे वेशीपाशी. त्यांवर बहुधा दोनच आकडे असतात : या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यांतले इतके कामी आले. जगातल्या बहुतेक तक्त्यांना जे जमले नाही, ते या पाटीने केले आहे, ‘किती जणांपैकी’ हे तिने सांगितले आहे. पुष्कळ पाट्यांवर आज रंगाचे थर आहेत, काही नव्या बांधकामात गेल्या.

सहामाही परीक्षेनंतरच्या प्रकल्पासाठी वर्गाचे गट करा. आपल्या आणि शेजारच्या पाच-सहा गावांतल्या पाट्या शोधायला सांगा, दोन्ही आकडे उतरवून घ्या, प्रमाण काढा. युद्धसमाधी आयोगाची नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते, तिथे गावाचे आणि पलटणीचे नाव घालून शोधा. जुन्या नोंदींत गावांची नावे इंग्रजी उच्चाराने बिघडलेली असतात, तिथे तुमची मुलेच ती ओळखतील. पुण्याच्या शाळांना खडकीची युद्ध दफनभूमी जवळ आहे, मुंबईच्या शाळांना मस्जिद बंदर, कोकणातल्या शाळांना तर खलाशांची घरेच. गेलेल्यांची आणि परतलेल्यांची नावे घरोघर अजून निघतील. पाटीवरचा आकडा आणि घरांतून निघालेली नावे जुळली नाहीत, तर का जुळली नाहीत हे लिहायला सांगा. माझ्या मते तेच सर्वांत जास्त गुणांचे उत्तर आहे.

हे करायला कोणी शिक्षक तयार असतील तर आकडे कसे गोळा करायचे, अंदाज आणि नोंद यांतला फरक तक्त्यात कसा दाखवायचा, यासाठी मी शाळेत येऊन एक तास घ्यायला तयार आहे. मानधन नको. पुस्तके लिहिणाऱ्या मंडळींनी नव्या आवृत्तीआधी आपला तक्ता पाठवला, तर प्रत्येक ओळीत काय धरले आहे आणि काय वगळले आहे, ते तपासून द्यायलाही मी बांधील आहे.

आपली,
संख्याशास्त्राची एक शिक्षिका